भरपूर पगाराचे करिअर निवडताना: अभ्यासक्रमाआधी ‘सराव कोण देणार’ हे विचारा

विज्ञानाची पदवी घेतलेल्या 22 वर्षांच्या एका तरुणाने विचारले आहे की, सर्वांत जास्त पगार देणारी क्षेत्रे कोणती आणि तिथे शिरण्यासाठी नेमका कोणता अभ्यासक्रम करावा. त्यांच्या मनात तीन पर्याय आहेत: वैमानिक, ॲक्चुअरी (विमा आणि निवृत्तिवेतनातील जोखमीचा हिशेब करणारा तज्ज्ञ) आणि व्यापारी जहाजावरील अधिकारी. प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता लिहावे तसे, आणखी एक वाक्य आहे: एका संस्थेने जहाजाचा कोर्स ‘नोकरीच्या हमीसह’ देऊ केला असून आठवडाभरात पैसे भरायला सांगितले आहेत. माझ्या दृष्टीने प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे आणि उत्तराचा बराचसा भाग त्याच्याभोवती फिरणार आहे.

माझ्याविषयी एवढेच सांगतो की मी 27 वर्षे समुद्रावर काढली, त्यांतील शेवटची 11 मास्टर, म्हणजे कॅप्टन, म्हणून. आणि आता किनाऱ्यावर राहून कॅडेट, म्हणजे जहाजावरील शिकाऊ अधिकारी, मुलामुलींची तोंडी परीक्षेची तयारी करून घेतो. वैमानिक आणि ॲक्चुअरी यांच्याविषयी मी जे लिहीन ते त्या व्यवसायांचे नियम वाचून आणि त्यांतील माणसांशी बोलून समजलेले आहे. जहाजाविषयी लिहीन ते केलेले आहे. हा फरक लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

तुमचा खरा प्रश्न ‘कोणत्या क्षेत्रात पगार जास्त आहे’ हा नाही, कारण त्याचे उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे. तुम्ही निवडलेली तिन्ही क्षेत्रे चांगले पैसे देतात. खरा प्रश्न असा आहे की, आज हातात असलेली पदवी आणि तो पूर्ण पगार यांच्या मधला काळ किती वर्षांचा आहे, त्या काळात खर्च कोण करणार आणि तो पार करताना कोणत्या पायरीवर बहुतेक माणसे अडकतात. परवान्यावर चालणाऱ्या सर्वच व्यवसायांत परीक्षा असते, वैद्यकीय तपासणी असते आणि तिसरी एक गोष्ट असते जिची जाहिरात कोणीच करत नाही: अनुभवी माणसाच्या नजरेखाली, प्रत्यक्ष कामावर काढलेला ठराविक काळ. परीक्षा तुम्ही स्वतःच्या मेहनतीने पास होऊ शकता, तपासणी शरीर चांगले असले तर पार पडते, पण हा सराव मात्र दुसऱ्या कोणीतरी द्यावा लागतो. तो देणाऱ्यांची संख्या मर्यादित असते आणि म्हणूनच तो पूर्ण केलेल्या माणसाला पैसे मिळतात. पगार मोठा असण्याचे आणि वाटेत माणसे अडकण्याचे कारण अशा रीतीने एकच आहे.

जहाजाचे उदाहरण तपशिलात घेतो. जहाजावरील अधिकाऱ्यांची पात्रता एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय कराराने ठरते. तो 1978 सालचा आहे आणि 2010 मध्ये मनिला येथे त्यात मोठे बदल झाले. डेकवरील (म्हणजे जहाज चालवण्याच्या विभागातील) वॉच, म्हणजे जहाजावर लक्ष ठेवण्याची पाळी, सांभाळणारा अधिकारी होण्यासाठी या कराराप्रमाणे किमान वय 18 लागते, मान्यताप्राप्त शिक्षण लागते आणि त्याबरोबर समुद्रावरील सेवा लागते: ती मान्यताप्राप्त प्रशिक्षणाचा भाग असेल आणि तिची नोंद ट्रेनिंग रेकॉर्ड बुकमध्ये ठेवलेली असेल तर किमान 12 महिने, नसेल तर किमान 36 महिने. या काळात निदान सहा महिने ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथे), अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, वॉच केलेली असावी लागते. ही कराराची किमान मर्यादा आहे. ज्या देशाचे प्रमाणपत्र तुम्ही घेणार तेथील नौवहन प्रशासन यापेक्षा जास्त मागू शकते आणि काही देश मागतातही. यंत्रविभागाकडे जायचे असेल तर कार्यशाळेतील प्रशिक्षण आणि जहाजावरील सेवा मिळून किमान 12 महिने लागतात आणि त्यांतील किमान सहा महिने जहाजावरचे असावे लागतात. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणांची आवड असेल तर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर हे तिसरे पद आहे. 2010 च्या बदलांनी त्याला स्वतंत्र प्रमाणपत्र मिळाले. तुमची पदवी भौतिकशास्त्राची असेल तर या पदाकडे जाण्यासाठी तेथील प्रशासन आणखी कोणते शिक्षण मागते, याची चौकशी जरूर करावी.

आता यातला पेच पाहा. कोर्स चालवणारी संस्था वर्गात शंभर मुले बसवू शकते, परंतु जहाजावर कॅडेटसाठी खोल्या दोन असतात, फार तर चार. कॅडेट म्हणजे जहाजाच्या कंपनीसाठी एक खर्च असतो. त्याचे खाणेपिणे, विमानाचे तिकीट, विमा आणि मुख्य म्हणजे त्याला शिकवण्यात जाणारा अधिकाऱ्यांचा वेळ. त्यामुळे कंपन्या पुढे जितके अधिकारी लागतील तितकेच कॅडेट घेतात. दरवर्षी माझ्याकडे अशी मुले येतात ज्यांच्याजवळ कोर्सचे प्रमाणपत्र आहे, अग्निशमन, प्रथमोपचार आणि जीवरक्षक नौकांचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण आहे, वैद्यकीय दाखला आहे, आणि जहाज नाही. दीड-दोन वर्षे घरी बसल्यावर वैद्यकीय दाखल्याची मुदत संपते (ती जास्तीत जास्त दोन वर्षांची असते) आणि पुन्हा खर्च सुरू होतो. त्यांना काही येत नाही असे नसते. त्यांनी पायऱ्यांचा क्रम चुकवलेला असतो.

सराव म्हणजे नेमके काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणे अवघड जाते, म्हणून एक रात्र सांगतो. थर्ड ऑफिसर, म्हणजे वॉच सांभाळणारा कनिष्ठ अधिकारी, म्हणून माझी पहिलीच स्वतंत्र वॉच रात्री आठ ते बाराची होती. साडेनऊच्या सुमाराला कॅप्टन खाली झोपायला गेले. थोड्या वेळाने उजव्या बाजूला, जहाजाच्या नाकापासून साधारण 40 अंशांवर, दोन पांढरे दिवे आणि त्यांच्या खाली एक तांबडा दिसू लागला. मी कंपासवर त्या जहाजाची दिशा घेतली, तीन मिनिटांनी पुन्हा घेतली, आणखी तीन मिनिटांनी पुन्हा. आकडा हलत नव्हता. दिशा बदलत नाही आणि अंतर कमी होत आहे, म्हणजे टक्करीचा धोका आहे, हे टक्कर टाळण्याच्या 1972 च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. आणि दुसरे जहाज उजवीकडून आडवे येत असेल तर बाजूला आपण व्हायचे, हेही. मला दोन्ही नियम क्रमांकासकट पाठ होते. तरीही मी 11 मिनिटे काहीच केले नाही, कारण डावीकडे मासेमारीच्या होड्या होत्या, उजवीकडे वळलो तर नंतर मूळ मार्गावर केव्हा यायचे हे सुचत नव्हते, आणि पहिल्याच रात्री कॅप्टनला उठवणे मला कमीपणाचे वाटत होते. शेवटी फोन केला. ते अनवाणीच वर आले, एकदा बाहेर आणि एकदा रडारकडे पाहिले आणि सुकाण्यावरच्या माणसाला शांतपणे म्हणाले, “स्टारबोर्ड ट्वेंटी,” म्हणजे सुकाणू उजवीकडे वीस अंश. तांबडा दिवा हळूहळू आमच्या डाव्या अंगाला गेला. ते जहाज मागे पडेपर्यंत ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि जाताना एवढेच म्हणाले, “उठवलंस ते बरोबर केलंस. पुढच्या वेळी दहा मिनिटं आधी उठव.”

लेखी परीक्षेत त्या प्रसंगावर मला पूर्ण गुण मिळाले असते. माहिती असणे आणि ती वेळेवर वापरणे यांत जे अंतर आहे ते कमी करण्यासाठीच सरावाचे महिने मोजले जातात. जहाजाचा मालक पगार देतो तो दहा मिनिटे आधी निर्णय घेणाऱ्या माणसाला.

म्हणूनच ट्रेनिंग रेकॉर्ड बुकबद्दल मी थोडा कडक आहे. कॅडेट माझ्यासमोर बसला की मी आधी ते पुस्तक हातात घेतो. वर्षभराच्या कामांवरील सह्या एकाच पेनाच्या, एकाच झुकत्या हाताच्या आणि शेवटच्या पंधरा दिवसांतील तारखांच्या असतील, तर मी पुढचा प्रश्न लंगर टाकण्याच्या क्रमावर विचारतो, आणि बहुधा तिथेच समजते की मुलाने वर्षभर गंज खरवडून रंग दिला आहे आणि ब्रिजवर त्याला कोणी उभे केलेले नाही. दोष नेहमी त्याचाच असतो असे नाही. कामाला माणसे कमी असली की कॅडेटला मजूर म्हणून वापरणारी जहाजे मी पाहिली आहेत. पण परीक्षक त्याचीच परीक्षा घेतो, जहाजाची नाही. तुम्ही गेलात तर ते पुस्तक दर आठवड्याला भरून घ्यावे आणि चीफ ऑफिसरच्या (कॅप्टनच्या खालच्या अधिकाऱ्याच्या) मागे लागून सही घ्यावी. आरंभी कंटाळवाणे वाटते, पण तोंडी परीक्षेच्या खोलीत ते पुस्तकच तुमची बाजू मांडते.

पगार जास्त का असतो, हेही यातून उलगडते. तेलवाहू, रसायनवाहू आणि वायुवाहू जहाजांवर सामान्य मालवाहू जहाजांपेक्षा साधारणपणे जास्त वेतन मिळते. ‘धोका जास्त म्हणून पैसे जास्त’ असे लोक समजतात, आणि ते अंशतः खरे आहे. दुसरे कारण असे की या जहाजांवरील वरिष्ठ अधिकाऱ्यांना त्या प्रकारच्या मालाचे वेगळे प्रमाणपत्र लागते आणि तेल कंपन्या आपला माल एखाद्या जहाजावर चढवण्यापूर्वी तेथील अधिकाऱ्यांची त्या प्रकारच्या जहाजांवर आणि त्या पदावर एकत्रित किती वर्षे झाली आहेत हे तपासतात. कॅप्टन नवा असेल तर चीफ ऑफिसर जुना असावा लागतो. त्यामुळे अनुभवी माणूस सोडून गेला तर कंपनीला भाडे गमवावे लागू शकते, आणि त्याला धरून ठेवण्यासाठी ती पैसे मोजते. एकदा सामान्य मालवाहू जहाजांवर दहा वर्षे काढली की टँकरवर वरच्या पदावर उडी मारता येत नाही. बहुधा पुन्हा खालच्या पदावरून सुरुवात करावी लागते. पहिले जहाज मिळवण्याच्या घाईत हा विचार कोणी करत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिला.

पगाराचा आकडा ऐकताना एक भागाकार करावा. बऱ्याच कंपन्यांत वेतन करारापुरते, म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष जहाजावर असाल तेवढ्याच महिन्यांचे मिळते. साइन ऑफ केल्यावर, म्हणजे करार संपवून उतरल्यावर, सुट्टीचे महिने बिनपगारी असतात, आणि त्यात वरच्या परीक्षेची तयारी करायची असेल तर ते वाढतात. म्हणून कोणी महिन्याचा आकडा सांगितला तर त्याला वर्षातून किती महिन्यांनी गुणायचे आणि बाराने भागायचे, हे विचारून घ्यावे. वर्षात सात महिने काम मिळणार असेल तर आकडा निम्म्याच्या थोडा वर येतो. तरीही तो चांगला असतो, हे मान्य करतो. फक्त कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो, पगार येत नाही.

आता तुमच्या इतर दोन पर्यायांना हीच कसोटी लावू. वैमानिकाच्या व्यवसायात मधल्या काळाची रचना जवळजवळ आमच्यासारखीच आहे, फक्त मोजमाप महिन्यांऐवजी तासांचे आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांप्रमाणे व्यावसायिक परवान्यासाठी किमान 200 तासांचे उड्डाण लागते, मान्यताप्राप्त सलग प्रशिक्षणात ते 150 तासांवर येते. मोठ्या विमानाचा कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या परवान्याला मात्र किमान 1500 तास लागतात. पहिला परवाना हातात असलेला आणि दुसऱ्याच्या तासांसाठी विमान शोधणारा माणूस हा आमच्या जहाज नसलेल्या कॅडेटचा सख्खा भाऊ आहे. फरक पैशांचा आहे: त्या दोनशे तासांचा खर्च बहुतेक वेळा विद्यार्थ्यालाच आधी करावा लागतो आणि तो जहाजाच्या कोर्सपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यातही विमान कंपन्यांची भरती कधी जोरात असते, कधी वर्षानुवर्षे बंद असते, आणि तुमचे प्रशिक्षण नेमके कोणत्या लाटेत संपेल हे कोणीच सांगू शकत नाही. घरची परिस्थिती हा तोटा दोन-तीन वर्षे सोसू शकत असेल तर विचार करावा. एरवी मी नको म्हणेन.

ॲक्चुअरीचे गणित नेमके उलटे आहे. विमा आणि निवृत्तिवेतन यांतील जोखमीचा हिशेब करणारा हा व्यवसाय आहे आणि त्याच्या परीक्षा पुष्कळ व अवघड आहेत. संभाव्यताशास्त्र, संख्याशास्त्र आणि आयुर्मानाच्या तक्त्यांवरील गणित यांत वर्षानुवर्षे घालवावी लागतात. पण सुरुवातीच्या एक-दोन परीक्षा पास झाल्यावर कंपन्या शिकाऊ म्हणून घेतात, बाकीच्या परीक्षा नोकरी करत द्यायच्या असतात आणि अनेक कंपन्या अभ्यासासाठी रजाही देतात. म्हणजे सराव आणि पगार बरोबरच सुरू होतात. मधल्या खड्ड्यात पडण्याचे भय कमी. परंतु दिवसभर काम करून रात्री अभ्यासाला बसणे सहा-सात वर्षे, कधी त्याहून जास्त, जमले पाहिजे. तुमची पदवी गणित किंवा संख्याशास्त्राची असेल आणि एखाद्या परीक्षेत नापास झाल्यावर तुम्ही पुन्हा तेच पुस्तक उघडणाऱ्यांपैकी असाल, तर तुमच्या तीन पर्यायांत पैशाच्या दृष्टीने सर्वांत कमी जोखमीचा हाच आहे. समुद्रावरच्या माणसाने हे लिहिणे विचित्र वाटेल, पण मला तसे वाटते.

इथपर्यंतचे थोडक्यात: प्रत्येक पर्यायाला तीन प्रश्न विचारावेत. परवाना कोण देतो? त्यासाठी देखरेखीखालील किती सराव लागतो? आणि तो सराव मला कोण देणार, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी मिळते का? बाकी सर्व, म्हणजे संस्थेची इमारत, गणवेश, निकालाची टक्केवारी, हे दुय्यम आहे.

यावरून तुमच्या ‘हमी’कडे येतो. सागरी कामगार करार हा 2006 चा आंतरराष्ट्रीय करार असून तो 2013 पासून अमलात आहे. त्याप्रमाणे जहाजावर नोकरी मिळवून देण्याबद्दल नाविकाकडून पैसे घेता येत नाहीत. उमेदवाराने स्वतः करायचा खर्च म्हणजे वैद्यकीय दाखला, नाविकाची अधिकृत पुस्तिका आणि पासपोर्ट किंवा तत्सम प्रवासी कागदपत्र. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजाच्या मालकाने करायचा असतो. शिकवण्याची फी घेणे वेगळे आणि नोकरीची किंमत घेणे वेगळे. तुमच्याकडे मागितलेल्या रकमेत या दोन्ही गोष्टी एका आकड्यात मिसळल्या असतील, पावती ‘सल्ला शुल्क’ किंवा ‘प्रक्रिया शुल्क’ या नावाने मिळणार असेल, किंवा जहाजाच्या कंपनीचे नाव ‘कोर्स झाल्यावर’ कळणार असेल, तर ती हमी नाही. खऱ्या प्रायोजकत्वाच्या, म्हणजे कंपनी तुम्हाला कॅडेट म्हणून घेणार असे सांगणाऱ्या, पत्रावर जहाज कंपनीचे किंवा तिच्या परवानाधारक मॅनिंग एजंटचे (जहाजांना माणसे पुरवणाऱ्याचे) नाव असते, पद कॅडेट असे लिहिलेले असते आणि ते पत्र कंपनीने मुलाखत व लेखी चाचणी घेतल्यावर मिळते. कोणीही तुमची परीक्षा न घेता तुम्हाला जहाज देऊ करत असेल तर त्याला तुमच्या कामाशी काही देणेघेणे नाही, एवढे समजावे. एजंटचा परवाना संबंधित नौवहन प्रशासनाच्या यादीत तपासता येतो आणि त्याला दहा मिनिटे लागतात.

जहाजाचाच मार्ग धरायचा असेल तर क्रम असा ठेवावा. सर्वांत आधी, कोणताही अर्ज भरण्यापूर्वी, मान्यताप्राप्त डॉक्टरकडून डोळे तपासून घ्यावेत. वर सांगितलेल्या प्रसंगात दिवा तांबडा होता म्हणून मला समजले की दुसऱ्या जहाजाची डावी बाजू माझ्याकडे आहे. तो हिरवा असता तर सगळा अर्थ उलटला असता. म्हणून डेकच्या अधिकाऱ्याला रंग ओळखता येणे सक्तीचे आहे आणि ते ठिपक्यांच्या इशिहारा पट्ट्यांवर तपासतात. पुरुषांत तांबड्या-हिरव्यातील गोंधळ अजिबात दुर्मीळ नाही, आणि ज्याला तो असतो त्याला अनेकदा ठाऊकच नसते. कोर्सची फी भरून, डोक्याचे केस बारीक कापून आलेला एक मुलगा त्या पट्टीतील आकडा वाचू शकला नाही, तेव्हा मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्याला काय सांगावे हे मला त्या दिवशी सुचले नाही, आणि आजही सुचणार नाही. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे.

डोळे ठीक असले की दुसरे काम म्हणजे जहाज कंपन्यांच्या कॅडेट भरतीला थेट अर्ज करणे. पदवीधरांसाठी कमी मुदतीचे मार्ग अनेक ठिकाणी आहेत, ते तिथेच कळतात. प्रायोजकत्व मिळाल्यावर कोर्सला बसावे, त्याआधी नाही. दोन भरतींचे हंगाम प्रयत्न करूनही कोणी घेतले नाही तर तो निरोप मानावा आणि ॲक्चुअरीच्या पहिल्या परीक्षेची पुस्तके आणावीत. त्या दोन हंगामांत आताची नोकरी सोडू नये, पगार कमी असला तरी.

वय उलटून गेले का, असेही तुम्ही विचारले आहे. 22 व्या वर्षी सुरुवात केली तर कोर्स, मधल्या सुट्ट्यांसह कॅडेटची सेवा आणि परीक्षा धरून 25-26 व्या वर्षी थर्ड ऑफिसर होता येते. वॉचकीपिंग अधिकारी म्हणून 12 महिने झाल्यावर चीफ मेटच्या, म्हणजेच चीफ ऑफिसरच्या, प्रमाणपत्रासाठी पात्रता येते आणि मास्टरच्या प्रमाणपत्रासाठी 36 महिने लागतात; त्यांतील 12 महिने चीफ मेट म्हणून केले असतील तर 24 पुरतात. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे कंपनी लगेच ते पद देते असे नाही, म्हणून माझा अंदाज पस्तिशीच्या आसपासचा आहे. माझ्या शेवटच्या जहाजावरील चीफ ऑफिसर 24 व्या वर्षी कॅडेट झाला होता आणि त्याच्याबरोबरचे सगळे कॅडेट त्याच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान होते. पहिले तीन महिने त्याला त्याची लाज वाटत होती, असे त्यानेच मला सांगितले. चौथ्या महिन्यात जहाज वादळात सापडले आणि मग कोणाचे वय किती हे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

आठवडाभराची मुदत तुम्हाला त्या संस्थेने दिली आहे, जहाजाने नाही. त्यांना आज एक पत्र लिहा आणि जहाज कंपनीचे नाव, मॅनिंग एजंटचा परवाना क्रमांक आणि फीची फोड मागा. उत्तर लेखी आले तर पुढचे बोलू. फोनवर आले तर पैसे भरू नका.